लंगड्या सशातली दहा मिनिटं

दार ठेंगणं. गाभाऱ्यात शिरावं तसं वाकूनच आत.
तरी तुळईनं कपाळ गाठलंच.
गल्ल्यामागची हेस्टर मान वर न करता म्हणाली,
"सोळाशे बारापासून तिथंच आहे ती."

सगळ्या माना एकदा वळल्या,
पाहुणा नुसताच भिजलेला आहे एवढं कळल्यावर
पुन्हा आपापल्या ग्लासांकडे परतल्या.
शेकोटीत ओलं लाकूड कुरकुरत होतं.
ओल्या कुत्र्याचा, व्हिनेगरचा, मुरलेल्या धुराचा
मिळून एकच वास,
एकच कोट पिढ्यान्‌पिढ्या न धुता घातल्यासारखा.
भिंतीवर घोड्यांच्या साजाची पितळ, घासूनपुसून लख्ख;
घोडे केव्हाच गेलेले.

हेस्टरनं दांडा तीनदा ओढला.
बिअर कोमट. मी तसं म्हटलं नाही,
पण माझा चेहरा बोलला असावा,
कारण शेकोटीजवळचा म्हातारा म्हणाला,
"थंड हवी तर बाहेर नेऊन प्या."

मग घड्याळ दिसलं.
नऊ बेचाळीस.
शेवटची बस नऊ चाळीसची. पुढची उद्या.
उद्या रविवार, म्हणजे परवा.
मी सॅक उचलली, खुर्ची पाडली,
कुत्र्याच्या शेपटीवर पाय दिला,
आणि सगळी खोली हसली. कुत्रं सोडून.

"दहा मिनिटं पुढे आहे ते," हेस्टर म्हणाली.
"माझ्या बापाची लबाडी. बंद करायची वेळ झाली
तरी हे उठायचे नाहीत, म्हणून."
"आणि हे सगळ्यांना माहीत आहे?"
"सगळ्यांना."
"मग उपयोग काय?"
तिनं फडकं खांद्यावर टाकलं.
"काही नाही."

जीव भांड्यात पडला.
भांडं अजून अर्धं भरलेलं होतं.

म्हाताऱ्यानं पायानं स्टूल माझ्याकडे सरकवलं.
सिरिल टॅपर. कुंपणं विणायचा.
हॉथॉर्नच्या फांद्या अर्ध्याच कापायच्या,
आडव्या निजवायच्या, मरू मात्र द्यायच्या नाहीत:
साठ वर्षं हेच काम.
बोटंही तशीच झालेली,
वाकवून निजवलेली, अजून जिवंत.

"मेव्हिसला मी रोज सांगून यायचो, नऊला घरी.
म्हणजे ह्याच्यावरचे नऊ.
तिकडे पोचलो की नऊला दहा कमी.
बटाटे कच्चे. भांडण. रोजचंच.
मग एकदा बटाटे शिजलेले मिळायला लागले.
मला वाटलं, बटाटे सुधारले."

कुणीतरी शेकोटीत ओंडका सारला.
ठिणग्या वर गेल्या, सिरिल त्या जाईपर्यंत थांबला.

"ती गेली, त्यानंतर पोरगं आलं स्वैपाकघर रंगवायला.
भिंतीवरचं घड्याळ उतरवलं त्यानं. म्हणाला, बाबा,
हे दहा मिनिटं पुढे आहे, बरोबर करून लावतो.
चौदा वर्षं, बघ. स्टुलावर चढून केलं असणार तिनं,
आणि मला एका शब्दानं बोलली नाही."

"मग? केलं बरोबर?"

सिरिलनं माझ्याकडे असं पाहिलं,
की मी कोमट बिअर एका दमात संपवली.

हेस्टरनं माझा ग्लास उचलला.
"या गावात चुकीची घड्याळं दोनच," ती म्हणाली,
"आणि दोन्ही एकमेकांशी अगदी चोख."

निघताना तुळई मी चुकवली.
उंबऱ्याला ठेच लागली.

बाहेर पाऊस संपून नुसतं टपटपणं उरलं होतं.
पाटीवरचा ससा तीन पायांवर कुरकुरत होता.
थांब्यावर उभा होतो तेव्हा सिरिल समोरून गेला,
हातात टॉर्च, मागे रुसलेलं कुत्रं.
त्यानं हात केला नाही, नुसता उजेड
माझ्या बुटांवरून एकदा फिरवला.

गल्लीच्या टोकाला एका खिडकीत दिवा लागला.
तिथं नऊ त्रेपन्न झाले असणार.
बस आली तेव्हा नऊ त्रेचाळीस.